पाचवी घागर

"घागर कोठं हाय?" नत्थूजी गुरुजींनी दारातूनच विचारलं.

आखजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची सकाळ होती आणि गुरुजी घरोघर फिरून पितरांच्या नावानं भरलेल्या घागरी मोजत होते. छिंदवाड्याकडचं, रामाकोन्याच्या पलीकडचं हे गाव. बेचाळीस साली इथल्या भरल्या बाजारात पोलिसांनी गोळ्या घातल्या. बाया, पोरं, भाजीवाले, जो सापडला तो. प्रेतं ट्रकमध्ये टाकून नेली ती नेलीच. आता चौकात त्यांच्या नावांची शिळा बसायची होती. यादी संध्याकाळी पांढुर्ण्याला कोरणाऱ्याकडे जायची होती, आणि यादी गुरुजींच्या हातात होती.

शिळेचं ठरलं तशी मेलेल्यांची नावं वाढायला लागली. मग गुरुजींनी हिकमत काढली. माणूस काय, वाटेल ते सांगेल. पण आखजीला जित्या माणसाच्या नावानं घागर भरायची कोणाची छाती आहे? आणि गावची रीत अशी, की अवेळी गेलेल्याची घागर पिढ्यान्‌पिढ्या बंद होत नाही. घागर दिसली तर नाव राहील, नाही दिसली तर काट. सकाळपासून दोन नावं उडवली होती. खोटं कशाला बोला, गुरुजींना त्यात मजा यायला लागली होती.

गौतमच्या घरात घागर नव्हती, पत्रावळही नव्हती. गौतम सौंसरच्या नगरपालिकेत कामाला. आज रजा टाकून गुरुजींची वाट पाहत बसला होता.

"आमी छप्पन सालीच सोडलं हे सारं, गुरुजी. बौद्ध झालो तवापासून आखजी नाही, पित्तर नाही. तुमाले मालूम नाही काय?"

"मालूम हाय. पण मंग तुया आजा मेला हे कशावरून?"

आतून गौतमची आई, वच्छलाबाई, बाहेर आली. "माया सासूनं कोवळ्या वयात बांगड्या फोडल्या, ते काय हौसेनं?"

गुरुजींनी यादीतलं गौतमच्या आज्याचं नाव शोधलं: भिवाजी. भिवाजीबद्दल गाव काय म्हणतं ते त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. भिवाजी मुखबीर होता, पोलिसांना त्यानंच आणलं, गोळ्या सुटल्या तसा नागपुरात जाऊन गिरणीत लागला. मेलाबिला काही नाही. आणि आता नेमकी ह्याच घरात घागर नाही! गुरुजींना हे फार सोयीचं वाटलं.

"शाळेत मले मुखबिराचा नातू म्हणत," गौतम म्हणाला. "मागच्या साली पोरीची सोयरीक जुळून राहिली होती, तिथंही कोणीतरी हेच काढलं. आता तुमी शिळेवर नाव नाही टाकलं, तं गावाचं म्हणणं दगडावर कोरल्यासारखंच होईन, गुरुजी."

"नियम सगळ्याइले सारखा," गुरुजी म्हणाले आणि लाल पेनानं भिवाजीच्या नावावर काट मारली.

नियम सांगायचा त्यांना हक्कच होता म्हणा. त्यांचा आजा त्याच बाजारातून गोळी खाऊन जिवंत परतलेला. गावानं त्याला बैलगाडीत बसवून मिरवलं होतं. त्याचा रक्तानं माखलेला सदरा अजून पेटीत होता. दर पंधरा ऑगस्टला तो शाळेत काचेखाली मांडायचे आणि गुरुजी त्यावर भाषण ठोकायचे.

ते घरी आले तेव्हा त्यांच्या मायनं, सुशीलाबाईनं, देवघरापुढं लाल घागरी मांडून ठेवल्या होत्या. दरवर्षी थोरला भाऊ, भाऊराव, पाणी ओतायचा. गुरुजी पस्तीस वर्षं छिंदवाड्याला नोकरीत, घरी यायचे ते पंधरा ऑगस्टला, पोळ्याला नाहीतर दिवाळीला, आखजीला कधी नाही. ह्या हिवाळ्यात भाऊराव गेला आणि पाटावर बसायची पाळी त्यांच्यावर आली.

एकेक नाव घेत त्यांनी पाणी ओतलं. आजा. आजी. बाप. भाऊराव.

तरी एक घागर उरली.

गुरुजींनी पुन्हा मोजलं. सकाळपासून दुसऱ्यांच्या घागरी मोजून नजर तयार झाली होती. "माय, ही पाचवी कोणाची?"

"तू पाणी टाक."

"नाव घेतल्याशिवाय कसं टाकू? कोणाची हाय, सांग ना!" आज्याची दुसरी बायको होती की काय, इथपर्यंत त्यांचा संशय जाऊन आला.

सुशीलाबाई उठली. पेटीतून सदरा काढला आणि त्यांच्या मांडीवर पसरला.

"दरसाली भाषण देतं ह्याच्यावर. गोळीचं भोक कोठं हाय, पाह्यलं काय कधी?"

गुरुजींनी सदरा उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. डाग छातीपासून पोटापर्यंत होता. कापड मात्र अख्खं होतं.

"तुया आज्याले खरचटलंही नव्हतं," ती म्हणाली. "गोळ्या सुटल्या तवा एक जण त्याच्या अंगावर आडवा पडला. रगत त्याचं. लोकायनं सदरा पाहून ह्याले गाडीत बसवलं, अन् हा गप बसला. मंग रगत कोणाचं हे कोणी विचारू नये म्हणून गिरणीची आवई यानंच उठवली. मुखबीर म्हणूनही यानंच सांगतलं. तुया आजीले नाही सोसलं. तिनं घागर सुरू केली, मले भरायले लावली, भाऊरावाले सांगून ठेवलं. तुले सांगाचं राहूनच गेलं."

गुरुजींच्या खिशात यादी होती. त्यांना ती बाहेर काढवेना. त्यांनी तांब्या उचलला, धार धरली आणि ओठातल्या ओठात म्हणाले, "भिवाजी."

"मोठ्यानं घे," माय म्हणाली. "ते नाव ह्या घरात आजवर हळूच घेऊन राहिलो आपण."