नमुना सही

सुरुंगाच्या स्फोटात सुभेदारांचे दोन्ही डोळे गेले, पण त्यांचं अपंगत्वाचं निवृत्तिवेतन अडलं ते सहीपाशी. "भरतीच्या वेळच्या सहीशी ही जुळत नाही हो, काका," म्हणत कारकुनाने तिसऱ्यांदा अर्ज परत केला.

घरातल्या डब्यांनी तळ दाखवला होता. महिनाभर बायकोने त्यांचा हात धरून सही गिरवून घेतली.

"अहो, शेपटी वर न्या!"

"वर-खाली मला सगळं सारखंच काळं, बाई."

चौथ्या खेपेला कारकून भिंग लावून म्हणाला, "वा! हुबेहूब!"

आठवड्याने पत्र आलं. बायकोने मोठ्याने वाचलं.



"सही तंतोतंत जुळली. सबब, अर्जदारास व्यवस्थित दिसत असल्याची खात्री झाल्याने अर्ज नामंजूर."