जाड रेघ

शिवलिंगप्पानं फळी करवतीच्या मशीनवर घेतली आणि त्याला हसू आलं. सुनेनं खडूनं आखलेली रेघ करंगळीएवढी जाड होती.

"गुरम्मा, ही रेघ हाय की सारवण?"

गुरम्मानं फळीवरचा भुसा पुसला.

कुंभारी गावाच्या रस्त्यावरचं हे सुताराचं दुकान पस्तीस वर्षांचं. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हापासून सून मदतीला येऊ लागली. पण तिचं सगळंच अजब. गोल पातं लाकडाच्या वर जेमतेम सूतभर काढायची. पात्यावरच्या झाकणाला तिनं भडक पिवळा रंग फासला होता. लाकूड ढकलायला एक काठी केली, तीही पिवळीच. शिवलिंगप्पा ती काठी बाजूला सारायचा आणि हातानं पट्टी रेटायचा. दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

गेल्या सोमवारी तिनं हट्टानं काठी त्याच्या हातात दिली. पट्टी पात्यात शिरली आणि काठीचं टोक खटकन उडालं. काठीच लांब केलीस, म्हणून तो तिच्यावर डाफरला. गुरम्मानं दुसरी काठी केली.

खरी गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. त्याला पेन्सिलीची रेघ दिसेनाशी झाली होती. सुताराची नजर गेली हे कळलं की मशीन सुटणार, आणि मशीन सुटल्यावर आपण कोण, हा विचार त्याला सोसत नव्हता. तरी बरं, सुनेला बारीक रेघ जमत नव्हती. तिच्या अडाणीपणावर त्याचं झाकून चाललं होतं.

आज तो जेवून लवकर परतला. शेजारच्या चन्नम्माला पाट हवा होता, त्याच्या पट्ट्या गुरम्मा कापत होती. पात्याच्या समोरून जरा बाजूला उभी राहून काठीनं पट्टी ढकलत होती. मग तिनं बटण बंद केलं, आणि पातं पुरतं थांबेपर्यंत हात पुढे नेला नाही.

पुढची फळी बाजूला ठेवलेली होती. तिच्यावर रेघच नव्हती. विसरली वाटतं, म्हणत शिवलिंगप्पानं फळी उचलली, दारात उन्हाला नेली, पार नाकापाशी धरली.

रेघ होती. केसाएवढी बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

तो तसाच उन्हात उभा राहिला. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भरून आलं.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"दिवाळीपास्नं. कुणाला बोलली न्हाय, मामा," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी फळी आखायला तिनं खडू उचलला.

शिवलिंगप्पानं तो खडू तिच्या हातातून घेऊन खिशात टाकला.

"आता रेघ बारीकच मार," तो म्हणाला. "मशीनवर तूच हायस."