वाटीभर

नर्सबाईंनी पिशवीतली लघवी मापाच्या भांड्यात ओतली आणि भांडं डोळ्यांसमोर धरलं.

"किती?" पेशंटच्या बायकोनं विचारलं.

"दहा मिली."

"म्हणजे दोन चमचे." शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे मुलांचं रांधणारी बाई ती. मिली म्हटलं की तिला नुसता आकडा ऐकू यायचा, चमचा म्हटलं की दिसायचं.

"काल चार होते," पलंगावरून नवरा म्हणाला. "ये रे माझ्या मागल्या."

त्याला धाकट्या बहिणीची किडनी बसवून सहा दिवस झाले होते. पण किडनी अजून जागी झाली नव्हती. कधीकधी वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले होते. किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बहीण खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, एक हात कुशीतल्या टाक्यांवर. "माझ्यातच काही खोट असणार, वहिनी. धड असती तर चालली नसती का?"

"गप गं. नव्या घरी रुळायला सुनेला वर्ष लागतं. हिला सहा दिवसांत कामाला जुंपतेस होय?"

बहीण हसली नाही.

तासाभरानं नर्सबाई परत आल्या. ओतलं, पाहिलं. "पन्नास."

या वेळी बायकोनं चमचे मोजले नाहीत. बोललं तर नजर लागेल, असं तिघांनाही वाटत होतं.

पुढच्या तासाला नर्सबाईंनी भांडं उजेडात नेलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि मगच सांगितलं, "दीडशे."

बायको ताडकन उठली. "वाटीभर! अहो, वाटीभर!"

पलीकडच्या पलंगावरचे आजोबा दचकून जागे झाले. "जेवण आलं का?"

नर्सबाईंना हसू आवरेना. बहिणीनं ओढणीत तोंड लपवलं. ती हसतेय की रडतेय, कळत नव्हतं.

डॉक्टर आले. त्यांनी तक्ता वाचला, पेशंटचं पोट हलकेच दाबून पाहिलं. "आता पाणी प्या. जेवढं बाहेर येतंय, तेवढं आत जायला हवं."

किडन्या निकामी झाल्यापासून गेली तीन वर्षं तो दिवसाला पाच कप पाण्यावर जगला होता, चहा-दूध धरून. बायकोनं दिलेला पेला त्यानं दोन्ही हातांनी धरला. "सगळं?"

"सगळं."

तो घटाघटा प्यायला लागला.

"दादा, जरा दमानं," बहीण डोळे पुसत म्हणाली. "लहानपणापासून माझी एक वस्तू धड वापरली नाहीस. हिला तरी नीट सांभाळ."

त्याला तोंडातल्या घोटासकट हसू फुटलं. हनुवटी, गळा, चादर, सगळं भिजलं. नर्सबाई टॉवेल घेऊन पुढे झाल्या.

"राहू द्या हो," बायको म्हणाली आणि तिनं पेला पुन्हा काठोकाठ भरला.