जूनच्या आधी

बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदापाशी सुरभी अडखळली. इंग्रजी अवघड होतं म्हणून नव्हे. मोहोपाड्याच्या शिकवणीत ती पोरांना रोज याहून अवघड शिकवते. पण समोर चंद्राकाकू सुपात तांदूळ निवडत बसली होती, आणि तिला हे सगळं मराठीत हवं होतं.

गावच्या विहिरींत कारखान्याचं पाणी उतरलं, त्याची चौकशी उद्यापासून सुरू व्हायची होती. दगावलेल्यांच्या यादीत काकूच्या नवऱ्याचं, येसाजीकाकांचं नाव नव्हतं. काकूने विचारलं, तर चौकशी समितीच्या साहेबांनी पेपरातलं हे कात्रण हातात दिलं. यात सगळं आहे म्हणाले; यादी बदलायची तर आज संध्याकाळपर्यंत लेखी द्या.

सुरभी पुढे वाचत गेली. जूनमध्ये या प्रश्नाने डोकं वर काढलं. मग तो पेटला. मग त्याला राजकीय रंग चढला, आणि बघता बघता तो अधिवेशनात जाऊन पोचला. शेजारणीच्या हुशार मुलाची प्रगती ऐकावी तशी काकू मान हलवत होती.

"येवढा लांब गेला. पन त्याला उठवला कोनी, ते नाय लिवलं?"

"इंग्रजीत असंच लिहितात, काकू. प्रश्न आपला आपणच उठतो."

"बरं हाय त्याचं. आमाला गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागतं." काकूने एक खडा बाजूला टाकला. "आनि तुजा काका? तो कुटं हाय यात?"

"काका शिमग्यात गेले ना. त्याच्या आधी."

"कशाच्या आधी?"

सुरभीने कात्रणाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "प्रश्न सुरू व्हायच्या आधी. म्हणून यादीत नाव नाही."

सुपातला हात थांबला.

पेपरचा बातमीदार आला होता, तेव्हा त्याने हेच विचारलं होतं: हा प्रश्न कधीपासूनचा? काकू अर्धा तास बोलली होती. तो घड्याळ बघत होता. दुभाषी म्हणून शेजारी बसलेल्या सुरभीला सुटसुटीत उत्तर द्यायचं होतं. रास्ता रोको जूनमधला, त्याचे फोटोही होते. तिने अर्ध्या तासाचे दोन शब्द केले: जूनपासून. तो खूश झाला, तिच्या इंग्रजीचं कौतुकही करून गेला.

"काकू, जून मी सांगितला," ती म्हणाली. "तू नव्हता सांगितलास."

काकू रागावली नाही. मी येवढं बोलले नि त्याने येवढंसंच लिहून घेतलं, तेव्हाच मला वाटलं होतं, इतकंच म्हणाली. मग सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले, आणि सुरभीच्या पिशवीतली वही काढून तिच्या मांडीवर ठेवली. मराठीत लिही म्हणाली, आणि यावेळी लांबू दे.

"शिमग्यापासून लिहू?"

"त्याच्याबी आधी." काकूने विहिरीकडे हात केला. "बैल पान्याच्या डोनीपाशी आला. दिसभराचा तान्हेला. पान्याचा वास घेतला नि तोंड फिरवून उबा ऱ्हायला. तुजा काका म्हनला, लाडावलाय. नि तेच पानी तांब्यात घेऊन स्वतः प्याला. तिथनं लिव."