घाटातला दुसरा गिअर

“क्लच!” अप्पा म्हणाले. मी क्लच दाबला आणि शेजारी बसलेल्या अप्पांनी उजव्या हातानं तिसरा गिअर टाकला. कंपवातामुळे डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं, तेव्हापासून आम्ही बाप-लेकी अशीच गाडी चालवतो. आजची फेरी शेवटची. उद्या ही लाल इटालियन गाडी नवा मालक घेऊन जाणार होता.

“दाब अजून. पळवल्याशिवाय हिचा गळा मोकळा होत नाही.”

मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गाऊ लागलं, जड स्टीअरिंग हातात जिवंत झालं आणि पसरणी घाटाचं वळण गाडीनं रस्त्याला चिकटून घेतलं. अप्पा खुदकन हसले.

“अहो, नातू आहे मागे. शर्यत नाही लावलेली,” माझ्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई म्हणाली.

“त्यालाही कळू दे, गाडी कशाला म्हणतात ते!”

पुढचं वळण अवघड होतं. “दुसरा,” अप्पा म्हणाले. मी क्लच दाबला, पण गिअर पडला नाही. त्यांचा हात गिअरच्या मुठीवर होता, हलत मात्र नव्हता. चढावर गाडीचा वेग मरू लागला. मागचा ट्रक हॉर्न वाजवत सुटला.

“तूच टाक गं,” ते पुटपुटले. हात काढून घ्यायलाही त्यांना जमेना. शेवटी मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवून दुसरा टाकला. इंजिन पुन्हा गाऊ लागलं.

“बघ,” मागून आई कौतुकानं म्हणाली, “अजून कसा अलगद टाकतात!”

अप्पांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.