जागा मोकळी करताना

मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जेमतेम दोन टक्के जागा उरली होती. ती संपली की त्याच्या पोटात प्रोग्रामच्या रूपात चालणारे सातही आभासी कॉम्प्युटर एकदम बंद पडणार, आणि शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं काम ठप्प. म्हणून कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंनी सकाळीच त्यांतल्या सर्वांत जुन्याची डिस्क लहान करायला घेतली होती.

त्या डिस्कवरच्या कितीतरी फायली पुसलेल्या होत्या, पण त्यांनी अडवलेली जागा काही सुटत नव्हती. आधी त्या जागेवर शून्यं लिहून ती कोरी करायची, मग डिस्क आवळायची. एकदा शून्यं लिहिली की पुसलेलं परत मिळत नाही. त्याआधी प्रयोगशाळेच्या साहेबांना विचारायला हवं होतं. बाईंनी विचारलं नव्हतं.

निम्म्याहून जास्त काम झालं होतं, तेवढ्यात दार ढकलून साहेबच आत आले. चेहरा पांढराफटक.

"बाई, पुसलेल्या फायली परत आणता येतात ना? तुम्हीच मागे म्हणाला होतात."

"कुठल्या फायली, सर?"

"टेकडीवरच्या टाकीचे महिनाभराचे अहवाल. त्या जुन्या मशीनवरचे. काल माझ्या हातून उडाले."

बाईंच्या डोळ्यांपुढून अकरा वर्षांची नोकरी सरकली. खोटं बोलून निभणार नव्हतं.

"सर, माझं चुकलं. मी सकाळपासून त्याच जागेवर शून्यं लिहितेय. न विचारता. आता नाही मिळायचे ते."

"एकही नाही?"

"नाहीच धरा, सर."

"बाहेरून कुणी तज्ज्ञ आणला तरी?"

"तरीही नाही."

साहेब मटकन खुर्चीत बसले. आता हे आकाशपाताळ एक करणार, म्हणून बाईंनी मान खाली घातली. पण साहेबांनी एक लांब श्वास सोडला. रुमालाने कपाळ टिपलं.

"असू द्या. होतं असं कधीकधी," ते जवळजवळ हसून म्हणाले.

बाईंना हायसं वाटलं. साहेब उठले, दारापर्यंत गेले आणि थबकले.

"तुमच्या घरी पाणी कुठल्या टाकीचं येतं?"

"टेकडीवरच्याच, सर."

साहेबांनी नजर चुकवली. "काही दिवस उकळून घ्या. घरच्यांपुरतं. बाहेर बोलू नका."

दार लागलं. बाईंची मघाची नोकरीची भीती या भीतीपुढे काहीच नव्हती. त्यांनी चालू काम थांबवलं, दाराला आतून कडी घातली आणि जिथे शून्यं अजून पोचली नव्हती तिथे एखादा तरी अहवाल उरलाय का ते शोधायला बसल्या.