अर्धा सिलिंडर

लिपेसच्या उंच पठारावर जूनमधली, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातली सकाळ उजाडली, तीच मुळी शेगडी न पेटता. सातुर्निनाची छाती घरघरत होती, तिला कोकाच्या पानांचा गरम चहा हवा होता. नीकासियोने अंगणातला सिलिंडर घरात ओढून हलवून पाहिला. अर्धा भरलेला होता, गॅस आत पाण्यासारखा डुचमळत होता. पण गारठ्याने त्याची वाफच होईना, मग ज्योत कसली?

"गरम पाण्यात बसवा त्याला," सातुर्निना म्हणाली.

"अगं, पण ते पाणी तापवू कशावर?"

लामा या लोकरी जनावराच्या लेंड्यांवर पेटणारी चूल त्यानेच मोडली होती, बायकोला धूर सोसत नाही म्हणून. बाहेरचं जळण सगळं बर्फाखाली गेलं होतं.

त्याने अंगावरचा लोकरी पोंचो काढून सिलिंडरला गुंडाळला आणि त्याला पोटाशी धरून बसला. सातुर्निनाने अंगावरची घोंगडी पुढे सरकवली. "ही पण घाला. मला ताप आहे, मी गरमच आहे."

नको नको म्हणत त्याने घेतली.

"लग्न झाल्यापासून मला कधी असं कवटाळलं नाहीत हो!" ती खोकत हसली.

"आधी चहा पी, मग तुलाही कवटाळतो."

उन्हं दारात आली तेव्हा कुठे निळी ज्योत धरली. पाणी खळखळलं. नीकासियोने घोंगडी सोडवून पुन्हा सातुर्निनाच्या गार पडलेल्या अंगावर घातली, अगदी तोंडावरून. कोकाची पानं पुडीतच राहिली. मग त्याने ते छोटं भांडं उतरवलं आणि तिच्या आंघोळीला पुरेल असं मोठं पातेलं चढवलं.